हिरवा कान

म्हातारी बोलायला लागली तसा खालच्या दुकानातला टायरवाला रस्त्यावर येऊन वर बघायला लागला.

"माझा नवरा मेला," ती म्हणाली, "आणि ते मला म्हणतात, सही करा."

भाऊजींनी दचकून कप खाली ठेवला. वहिनींनी मात्र आपली खुर्ची म्हातारीच्या समोर ओढली, तोंड नीट दिसेल अशी.

"मोठ्यानं बोलतेय का मी?" म्हातारीनं कानामागचं यंत्र चाचपलं. "मला कळत नाही. कुणी सांगितलं तरच कळतं."

"बोला तुम्ही, आजी. इथं कुणी झोपलेलं नाही."

भाऊजी नुकतेच झोपेतून उठले होते.

खासगी तपासाचं ते ऑफिस म्हणजे दोन टेबलं आणि एक न फिरणारा पंखा. मालकीण वहिनी. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. कारखाना बंद पडल्यापासून वहिनींबरोबर हिंडायचे. ते 'वहिनी' म्हणायचे म्हणून टायरवाला, वकील, फौजदार, सगळेच वहिनी म्हणायला लागले होते. भाऊजींच्या मते ते ऑफिसचा उजवा हात होते. वहिनींच्या मते ते पिशवी चांगली धरायचे.

म्हातारीची हकिगत साधी होती. नवरा बसचा ड्रायव्हर, निवृत्त. हृदयाचं दुखणं. मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या वॉर्डात सहा नंबरची खाट. बरा होत आला होता, घरी सोडणार होते. त्या दुपारी वॉर्डाला 'शांत वॉर्ड' म्हणून बक्षीस मिळायचं होतं. पाहुणे आले. म्हातारीला सांगितलं, आजी, जरा दाराशी बसा, फोटोत येताय. ती दाराशी बसली. पाहुणे गेल्यावर खाटेजवळ आली तर नवरा गेलेला.

"मशीननं अलार्म दिला होता म्हणतात. सिस्टरनं लक्षच दिलं नाही म्हणतात. तिला घरी बसवलंय. आज चौकशी आहे. नर्सचा परवाना जाणार, वर पोलीस केस. आणि मी लिहून द्यायचं, की हॉस्पिटलबद्दल माझी तक्रार नाही, फक्त त्या पोरीबद्दल आहे."

"तुमची आहे तिच्याबद्दल तक्रार?"

"ती त्याच सकाळी बदलून आली त्या वॉर्डात. आल्या आल्या माझ्या नवऱ्याची दाढी करून दिली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. अशी पोर अलार्म ऐकून गप्प बसेल?" म्हातारीनं टेबलावर हात आपटला. "पण अलार्म वाजला की नाही ते मी सांगू शकत नाही. मी बहिरी. मी बोलायला लागले की हसतात तिथं."

"ऐकलं नाहीत. मग बघितलं काय?"

"कान."

"कुठला कान?"

"भिंतीवरचा. वॉर्डात कानासारखा दिवा लावलाय. शांत असलं की हिरवा, जरा आवाज झाला की पिवळा, जास्त झाला की लाल. सगळ्यांना त्याचा राग. मला मात्र बरा वाटायचा. माझा आवाज किती चढलाय ते मला त्यावरून कळायचं. पिवळा झाला की मी हळू व्हायची. त्या दिवशी तर पाहुणे होते. दारावरची नर्स दोन शब्द बोलली, मीही बोलले, पण नजर हलवली नाही कानावरून. शेवटपर्यंत हिरवा ठेवला मी." हे सांगताना तिची मान जराशी ताठ झाली.

वहिनींनी पिशवी उचलून भाऊजींच्या हातात दिली.

हॉस्पिटलच्या दर्शनी हॉलमध्ये नातेवाईकांची गर्दी होती. माणसं आपापल्या डब्यांवर आणि औषधांच्या पिशव्यांवर बसलेली. आजारपणात गरिबाला खुर्ची मिळत नाही, हे जगात कुठेही खरं असावं. समोरच्या भिंतीवर मात्र दरवाज्याएवढा फोटो लावला होता, त्यावर वेगळा दिवा.

"आमचा शांत वॉर्ड," मागून आवाज आला. हॉस्पिटलचे मुख्य, मोठे डॉक्टर. इस्त्रीचा कोट, मऊ आवाज. "टाळ्यासुद्धा वाजवू दिल्या नाहीत मी. पाहुण्यांनी नुसते हात हलवले. कान एकदाही पिवळा झाला नाही."

भाऊजींनी फोटो मन लावून बघितला. पांढरे कोट, पिवळी फुलं, भिंतीवर हिरवा कान. पुढच्या रांगेत डॉक्टर, मेट्रन, पाहुणे आणि सिस्टर, सगळ्यांची पाठ खाटांकडे.

"फोटो झकास आलाय," ते म्हणाले. "फक्त मागं कोपऱ्यात तो लाल ठिपका पडलाय बघा. छापताना काहीतरी झालं असेल."

"भाऊजी, पुढं चला," वहिनी म्हणाल्या. पण त्या स्वतः क्षणभर तिथंच थांबल्या.

"आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही," मोठे डॉक्टर जिन्यात सांगत होते. "मशीनच्या स्मरणात सगळं असतं. अलार्म सुरू झाला, बराच वेळ चालला, कुणी बटण दाबून बंद केला नाही. आता ती सिस्टर काय म्हणते त्याला काय अर्थ? फक्त एक विनंती. वॉर्डात हळू बोला."

सिस्टर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती, साध्या कपड्यांत. आत जायची तिला बंदी होती. तिच्या शेजारी म्हातारी जाऊन बसली आणि तिनं सिस्टरचा हात धरला.

"झोपला होतात?" वहिनींनी सरळ विचारलं.

"उभी होते. फोटोसाठी. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः ओढून उभं केलं, नवीन चेहरा हवा म्हणाले. अलार्म वाजला असता तर फोटो गेला असता खड्ड्यात."

"पाठ खाटांकडे होती."

"पाठ असली म्हणून काय? माझ्या जुन्या वॉर्डात आम्ही कानांवरच सगळं सांभाळतो. औषध काढता काढता सांगते मी, कुठल्या खाटेचं मशीन ओरडतंय ते." तिनं वॉर्डाच्या दाराकडे बघितलं. "इथल्या मुली वेगळ्या आहेत. सारख्या मान वळवून वळवून मशीनांकडे बघतात. मला वाटलं, घाबरट आहेत."

"तुम्हाला कुणी काही सांगितलं? इथं काम कसं करायचं वगैरे?"

"मेट्रन म्हणाल्या, पाहुणे जाऊ देत, मग बोलू. मग बोलायची वेळच आली नाही."

वॉर्डात शिरताना भाऊजींनी आपोआप चवड्यांवर चालायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेच्या डोक्याशी मशीन, आणि नर्सच्या टेबलाच्या वर, भिंतीवर, तो कान. हिरवा. भाऊजींना तो आपल्याकडेच बघतोय असं वाटलं, जरी कानाला डोळे नसतात.

मशीन सांभाळणारा माणूस सहा नंबरच्या रिकाम्या खाटेपाशी उभा होता. वैतागलेला.

"आवाजाची पातळी खाली करता येत नाही, बाई. त्याला गुप्त आकडा लागतो, तो फक्त मला ठाऊक. आणि आकडा कुणी वापरलेला नाही, मशीन तसं सांगतं. मी दुसऱ्या दिवशी एकूण एक मशीन तपासलं. सगळी ठणठणीत."

"दुसऱ्या दिवशी का? त्याच दिवशी का नाही?"

"मी तर संध्याकाळीच निघालो होतो. मोठे डॉक्टर फोनवर म्हणाले, घाई नाही, उद्या या."

"ओरडवून दाखवा."

त्यानं बटण दाबलं. मशीनच्या डोक्यावरचा दिवा लालभडक झाला आणि असा आवाज निघाला की भाऊजींच्या दाढा हलल्या. चार नंबरच्या बाईनं घोट घेता घेता पाणी सांडलं. भिंतीवरचा कान हिरव्यातून थेट लाल झाला, पिवळं व्हायलाही थांबला नाही.

"बास," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी मशीनमागे जाऊन आवाज नेमका कुठून येतो ते बघत होते. मागच्या बाजूला बारीक छिद्रांची जाळी होती. त्यांनी तिथं हात टेकवला आणि चिडून काढून घेतला.

"काय घाण आहे. बाही चिकटली माझी. कुणी गोड खाऊन हात पुसलेत की काय इथं." त्यांनी बाहीला लागलेला कापसाचा तंतू काढला. "आणि म्हणे बक्षीस."

वहिनींनी रुमाल काढून त्या जाळीवर फिरवला, मग पाच नंबरच्या मशीनमागे. मग चारच्या. मग तीनच्या. भाऊजींना वाटलं, सवय जात नाही बाईमाणसाची, कुठंही गेली तरी पुसतेच. नशीब त्यांचं, की ते मोठ्यानं बोलले नाहीत.

"काय शोधताय?" पाच नंबरच्या खाटेवरून कुणीतरी गुरकावलं. उशीला टेकून बसलेले एक काका. वॉर्डात सगळे त्यांना पाच नंबरच म्हणायचे, कारण नाव विचारलं की ते तक्रारच सांगायला लागायचे.

"काका, आजी सांगत होत्या, या मशीनांचा त्रास व्हायचा तुम्हाला. एकदा शेजारचं मशीन फेकून द्यायची धमकी दिली होती तुम्ही."

"दिली होती. आलो तेव्हा नुसता बाजार होता इथं. हे ओरडतंय, ते ओरडतंय. उशी कानावर घेऊन झोपायचो. मग तो कान लावला भिंतीवर, आणि थोड्या दिवसांत सगळी मशीनं गप्प. मला वाटलं, चला, सगळे बरे झाले."

"आणि त्या दुपारी?"

"त्या दुपारी डास. सारखा पीं पीं, पीं पीं. थांबायचा, परत सुरू. मी दोनदा हात हलवला, पण ती सगळी मंडळी तिकडं तोंडं करून हसत उभी. त्यांना वाटलं असेल, मीही टाळ्याच देतोय."

भाऊजींनी खिडक्यांकडे बघितलं. काचा पक्क्या बसवलेल्या, थंड हवेसाठी. एक माशीसुद्धा आत येणं कठीण. 'म्हातारपणी कानांत काहीही वाजतं,' ते मनाशी म्हणाले.

मेट्रन नर्सच्या टेबलाशी उभ्या होत्या. चेहरा असा की त्यावर काही लिहिलेलं नाही.

"आमची मशीनं नीट आहेत. मुली चांगल्या आहेत. एक वाईट निघाली, काय करणार."

"तुम्हीच म्हणालात ना, आमच्या मुली चांगल्या. ती नव्हती का तुमची?"

"सकाळीच आली होती."

मधल्या वेळात भाऊजींना टेबलावर एक छोटा उभा आरसा दिसला. त्यांनी केसांवरून हात फिरवून वाकून बघितलं. मग उजवीकडे सरकले. मग डावीकडे. "आरसासुद्धा वाकडा ठेवलाय. तोंड बघायला गेलो तर सहा नंबरचं मशीन दिसतंय."

"कुणाचा आहे आरसा?" वहिनींनी विचारलं.

"मुलींचा. नटतात," मेट्रन म्हणाल्या, आणि त्यांनी तो आरसा पालथा घातला.

दुपारी चौकशी समितीची मंडळी आली. मोठे डॉक्टर त्यांना आत न्यायला निघाले, तर वहिनी हॉलच्या मधोमध, त्या फोटोखाली उभ्या. बरोबर म्हातारी, सिस्टर, मशीनवाला. मेट्रन जिन्याच्या पायरीवर थांबल्या.

"चौकशी इथंच होऊ दे," वहिनी म्हणाल्या.

"हा सार्वजनिक हॉल आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "आवाज कमी करा."

"आवाज कमी करूनच माणूस गेलाय, डॉक्टर. आता मी नाही करणार."

डब्यांवर बसलेली माणसं उठून जवळ आली. कुणीतरी पोराला खांद्यावर घेतलं.

"मला आधी एवढंच सांगा," वहिनी म्हणाल्या, "त्या दुपारी अलार्म झाला होता?"

"झाला होता. मशीन सांगतं."

"आणि कान?"

"हिरवा होता. शंभरदा सांगितलंय..." डॉक्टरांचं वाक्य तिथंच अडखळलं.

"हो, तुम्ही सांगितलंत. या आजींनीही सांगितलं, ज्यांना तुम्ही बहिरी म्हणून हसलात. बहिऱ्या आहेत म्हणूनच त्या कानावरून नजर काढत नव्हत्या. तुमच्यापेक्षा त्यांनी तो जास्त बघितलाय. आता हा फोटो बघा. भाऊजी, तुमचा ठिपका दाखवा."

भाऊजी पुढे झाले, चवड्यांवर उभे राहिले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. आणि त्यांना समजलं. सकाळी हेच त्यांनी लालभडक होताना बघितलं होतं. छपाईतला डाग नव्हता तो. सहा नंबरच्या मशीनच्या डोक्यावरचा दिवा होता.

"मशीन ओरडतंय," ते म्हणाले. "आणि कान हिरवा आहे."

"आज सकाळी तेच मशीन ओरडलं तेव्हा काय झालं?"

"कान लाल झाला. थेट." मशीनवाल्यानं उत्तर दिलं. तोही आता फोटोला नाक लावून बघत होता.

"म्हणजे त्या दुपारी मशीननं दिवा लावला, आवाजही काढला, पण तो बाहेर पडला नाही. आकडा कुणी वापरला नाही, तेव्हा पातळी खाली केलेली नाही. मग राहिलं एकच. आवाज निघतो त्या जाळीचं तोंड दाबलेलं होतं." वहिनींनी रुमाल उलगडला. त्यावर काळपट चिकट डाग उमटले होते, कापसाचे तंतू अडकलेले. "चिकटपट्टी आणि कापूस. हे सहा नंबरचं. हे पाचचं, हे चारचं, हे तीनचं. एकाच मशीनवर असतं तर मी एकाच माणसाचा वैरी शोधला असता. पाच नंबरचे काकाही चालले असते, राग होता त्यांना. पण इथं अख्ख्या वॉर्डाचं तोंड बांधलेलं. उरलेला आवाज एवढाच, की शेजारच्याला डास वाटला. बंद काचांच्या खोलीत डास."

सिस्टर उठून उभी राहिली होती. "म्हणून त्या मुली सारख्या मान वळवत होत्या."

"घाबरट नव्हत्या त्या. त्यांना माहीत होतं की मशीन हाक मारणार नाही. म्हणून टेबलावर आरसा. लिहिताना मान खाली असली तरी मशीनं दिसावीत असा वाकवलेला. कानांचं काम त्यांनी डोळ्यांवर घेतलं होतं, कुणाला न सांगता. सांगणार कसं? सांगायचं म्हणजे चोरी कबूल करायची. आणि त्या सकाळी एक नवी मुलगी आली, जी कानांनी वॉर्ड सांभाळते. तिला कुणी काही बोललं नाही. मग तिला पाठ फिरवून फोटोत उभं केलं."

मग जिन्यावरून मेट्रनचा आवाज आला.

"मी लावल्या पट्ट्या." त्या एक पायरी उतरल्या. "साहेब म्हणाले, कान लाल दिसला तर वॉर्ड काढून घेईन. मला कान हिरवा हवा, कसा ते तुम्ही बघा. मी मशीनवाल्याला आकडा मागणार होते, साहेब म्हणाले, त्याला मध्ये घेऊ नका. मी मुलींना बजावलं, डोळे काढू नका मशीनांवरून. हिलाही सांगणार होते. पाहुणे गेल्यावर." त्या आता सिस्टरकडे बघत होत्या. "त्या संध्याकाळी साहेब म्हणाले, उद्या मशीनं तपासतील, तोवर स्वच्छ करून घ्या."

"मी पट्टी हा शब्दसुद्धा उच्चारलेला नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. आवाज अजून मऊच होता.

"खरं आहे," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यासारखे लोक हात चिकट होऊ देत नाहीत. 'कसा ते तुम्ही बघा' एवढं बोलून मोकळे. पण त्याच संध्याकाळी यायला निघालेल्या माणसाला 'उद्या या' कोण म्हणालं? ते मेट्रननं नाही सांगितलं त्याला. आजाऱ्याला शांतता हवी, कबूल. त्यासाठी माणसं जास्त लावावी लागतात, मशीनं नीट लावावी लागतात, खोट्या हाका कमी कराव्या लागतात. ते कष्टाचं काम. तुम्ही आजारी बरे केले नाहीत, डॉक्टर, तुम्ही दिवा बरा केलात."

समितीतल्या बाईंनी फोटो भिंतीवरून काढायला सांगितला. मोठे डॉक्टर म्हणाले, हे आपण आत बसून बोलू. गर्दीतल्या एका माणसानं त्यांची वाट अडवली नाही, नुसता तो तिथंच उभा राहिला. मग दुसरा उभा राहिला.

"आजी," वहिनी म्हणाल्या, "सहीचं काय करायचं?"

म्हातारीनं पिशवीतून कागद काढला, सिस्टरच्या हातात दिला. "तूच फाड."

मग ती जिना चढायला लागली. कुणी विचारलं नाही कुठं चाललीस. सिस्टर तिच्यामागे, बंदी असलेल्या दारातून आत. भाऊजी पिशवी घेऊन मागोमाग.

म्हातारी कानाखाली जाऊन उभी राहिली. तो हिरवा होता. तिनं सवयीनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि भाऊजींना वाटलं, आता ही हळू बोलणार.

"ऐका सगळे," म्हातारी म्हणाली, छातीत होता तेवढ्या सगळ्या आवाजात. "या पोरीची चूक नाही. माझ्या नवऱ्याची हाक दाबली होती यांनी. या पोरीची चूक नाही."

कान पिवळा झाला, मग लाल.

म्हातारी त्या लाल दिव्याकडे बघत राहिली. मग तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणखी मोठ्यानं. दारावरच्या नर्सनं ओठांवर बोट न्यायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"बोला," पाच नंबरचे काका उशीवरून उठत म्हणाले. "आम्ही जागेच आहोत."